उत्सव कोणाच्या खांद्यावर

नाशिकची होळी धुळवडीला संपत नाही. धुळवडीच्या दिवशी जुन्या नाशकात वीर निघतात. घराण्यातल्या पूर्वजांचे टाक वाजतगाजत गोदावरीवर स्नानाला नेले जातात, बाशिंग बांधलेल्या दाजिबा वीराची मिरवणूक गल्लीबोळांतून फिरते. रंग खेळायचा तो रंगपंचमीला, आणि त्यासाठी रहाडी उघडतात. रहाड म्हणजे जमिनीत खोदून दगडाने बांधून काढलेला हौद. या रहाडी पेशवेकाळापासूनच्या मानल्या जातात. वर्षभर रहाड दिसत नाही. तिच्यावर लाकडी ओंडके असतात, त्यांच्यावर माती, आणि त्या मातीवरून शहराची रोजची रहदारी सुरू असते. शनी चौकातून किंवा तिवंधा चौकातून जाणाऱ्या परक्या माणसाला आपल्या पायाखाली काय आहे याचा पत्ता लागत नाही. पंचमीच्या आधी माती उकरून ओंडके बाजूला काढतात, हौद साफ करून भरतात, फुलापानांचा रंग कढयांत उकळून पाण्यात मिसळतात. रंगही ठरलेले आहेत. शनी चौकाचा गुलाबी, तिवंध्याचा पिवळा. पूजा होते, मानकरी पहिली उडी घेतात आणि मग सर्वांसाठी ‘धप्पा’ सुरू होतो. उत्सव उरकला की पुन्हा ओंडके, पुन्हा माती.

या साऱ्याकडे आपण ‘वारसा’ म्हणून पाहतो, आणि मला वाटते तिथेच आपली गफलत होते. वारसा म्हटला की जपण्याची गोष्ट डोळ्यांसमोर येते, जपणाऱ्या माणसांकडे दुर्लक्ष होते. रहाड काही स्वतःच्या दगडांच्या बळावर टिकलेली नाही. यंदा ओंडके कोणी काढायचे, रंग कोणी उकळायचा, खर्चाला कोणी उभे राहायचे, हे आधीच ठरलेले असते म्हणून ती टिकली. एकेकाळी या शहरात रहाडी कितीतरी अधिक होत्या. आज त्यातल्या मोजक्याच उघडतात. बुजलेल्यांचा दगड काही कमी टणक नव्हता. उत्सवाचा कणा म्हणजे वाटून दिलेले काम, आणि आपल्याकडे ते काम मानाच्या रूपाने वाटले गेले. काळाराम मंदिराच्या, कामदा एकादशीला होणाऱ्या रथोत्सवात हे अधिक स्पष्ट दिसते. रामरथाची सेवा रास्ते आखाडा तालीम संघाकडे, गरुडरथाची अहिल्याराम व्यायामशाळेकडे. त्या वर्षीचा मानकरी पुजारी रथाकडे तोंड करून, हात जोडून, सबंध वाट उलट पावली चालतो. गरुडरथ नदी ओलांडतो, रामरथ ओलांडत नाही. बाहेरून पाहताना हे नुसते नियम वाटतात; आत मात्र प्रत्येक नियमामागे कोणाची तरी हजेरी बांधलेली असते.

यावरचा सर्वांत गंभीर आक्षेप याच रथाने शिकवला आहे. मान म्हणजे काम असेल, तर ते काम कोणाला नाकारले गेले? 2 मार्च 1930 रोजी काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी उभारलेला आणि दादासाहेब गायकवाडांनी स्थानिक पातळीवर नेटाने लढवलेला हा लढा पाच वर्षे चालला. त्या एप्रिलमध्ये रथ सवर्ण आणि अस्पृश्य दोघांनी मिळून ओढावा असा समझोता झाला होता. तो मोडला गेला, दगडफेक झाली, रथ ओढून नेण्यात आला. मंदिराची दारे अस्पृश्यांसाठी उघडली ती स्वातंत्र्यानंतर. आजही ज्याला ‘आमची परंपरा’ असा अभिमान वाटतो, त्याने या घटनेला वळसा घालून पुढे जाऊ नये. पण तिचा अर्थ नीट पाहिला पाहिजे. त्या दिवशीची मागणी रथ लांबून पाहू देण्याची नव्हती, दोराला हात लावू देण्याची होती. उत्सवातले नागरिकत्व प्रेक्षक होऊन मिळत नाही, हे सत्याग्रहींना उत्सवाच्या मालकांपेक्षा चांगले कळले होते. म्हणून मानाची पद्धतच मोडीत काढा, असे म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. दोष कामाच्या वाटणीत नव्हता; वाटणी जन्मावर ठरत होती, यात होता.

जन्मावाचूनही वाटणी होऊ शकते, याचे उदाहरण फार दूरचे आहे, पण चपखल आहे. पोर्तुगालच्या अझोर्स बेटांवर ईस्टर ते पेन्टेकॉस्ट या सात आठवड्यांत पवित्र आत्म्याचा उत्सव चालतो. तेर्सेरासारख्या बेटावर गावोगाव त्यासाठी रंगीत, देव्हाऱ्याएवढी वाटावीत अशी छोटी प्रार्थनागृहे आहेत. चांदीचा मुकुट आळीपाळीने घरोघरी मुक्कामाला जातो, आणि कोणाकडे कधी जायचा हे अनेक गावांत चिठ्ठ्या टाकून ठरते. ज्याचे नाव निघेल तो त्या काळापुरता यजमान. शेवटी गावातल्याच एखाद्या साध्या माणसाच्या किंवा मुलाच्या डोक्यावर मुकुट ठेवला जातो आणि पाव, मांसाचा रस्सा सर्वांना वाढला जातो. बेटांवरून कॅलिफोर्नियाला आणि कॅनडाला गेलेल्यांनी हा उत्सव बरोबर नेला, कारण नेण्यासारखी वस्तू फारशी नव्हतीच. नेली ती पाळी. तिथेही सारे आलबेल असेल असे नाही. पण मान फिरता ठेवूनही तो गंभीरपणे पाळला जातो, एवढे तिथून निश्चित शिकता येते.

दुसरा आक्षेप पाण्याचा. मराठवाड्याशी पाण्यावरून वारंवार खडाजंगी होणाऱ्या जिल्ह्यात हौद भरून रंग खेळणे शोभते का? पंचवीस फूट लांब-रुंद आणि आठ फूट खोल हौद धरला तर सुमारे 1 लाख 40 हजार लिटर पाणी होते. आकडा लहान नाही. तरी त्या एका पाण्यात दिवसभर सारे शहर उतरते. तेच लोक पटांगणावरच्या कृत्रिम पावसाखाली नाचले तर पाणी वाहून जाते आणि कोणाचे कोणाशी नातेही जुळत नाही. दुष्काळाच्या साली मात्र रहाड बंदच राहावी, याबद्दल मला शंका नाही. असे वर्ष आले की जिल्हाधिकाऱ्यांच्या आदेशाची वाट न पाहता मानकऱ्यांनी स्वतः पूजा करून ती झाकलेली ठेवावी. उघडण्याचा अधिकार ज्यांचा, न उघडण्याची जबाबदारीही त्यांचीच.

आता 2027 च्या सिंहस्थाच्या तोंडावर शहराची रंगरंगोटी सुरू आहे, आणि रहाडींनाही पर्यटनाच्या यादीत बसवण्याचा मोह होईल. महापालिकेने रस्ते खोदताना, काँक्रीट ओतताना बुजलेल्या रहाडींच्या जागा नोंदवून त्या सुरक्षित ठेवाव्यात. हे काम तिचेच आहे आणि ते आधी झाले पाहिजे. त्यापलीकडे मंच, प्रायोजक आणि बसायच्या खुर्च्या आल्या तर चौकातल्या माणसांच्या हातचे काम कंत्राटदाराकडे जाईल, आणि एकदा गेलेले काम परत येत नाही. सिडको, इंदिरानगर, गंगापूर रोडची तरुण मुले आज धप्पा मारायला येतात, भिजून परत जातात. काही ठिकाणी स्त्रियांसाठी वेगळी वेळ राखली जाऊ लागली, हे स्वागतार्हच, पण तीही उडीपुरतीच. पहिली उडी जुन्या घराण्यांकडे राहू द्यावी. माती उकरायच्या, रंग उकळायच्या आणि ओंडके परत बसवायच्या कामासाठी मात्र दरवर्षी शहरभरातून, जातपात आणि स्त्री-पुरुष न पाहता, चिठ्ठ्या टाकून नावे काढावीत. येत्या पंचमीला एका चौकाने एवढे करून पाहावे.