नळाला पाणी कधी येतं?

प्राथमिक आरोग्य केंद्रात कोण काय करतो, हे गावाला नेमकं ठाऊक असतं. डॉक्टर तपासतात, नर्सबाई लस देतात, मलेरियावाले रक्ताचा थेंब घेऊन जातात. आरोग्य शिक्षक मात्र ‘जागृती करतो’. म्हणजे पत्रकं वाटतो, शाळेत भाषण देतो, जागतिक अमुक दिनाचा फलक लावतो. गोव्यात या पदाला एक्स्टेंशन एज्युकेटर म्हणतात. आरोग्य यंत्रणेत इतकं कमी लेखलं गेलेलं दुसरं पद मला दिसत नाही, आणि याचं नुकसान आपण दर पावसाळ्यात सोसतो. घरोघर जाणाऱ्या कर्मचाऱ्यांना बोलायला आणि त्याहून जास्त ऐकायला शिकवणं, हे त्या पदाचं खरं काम आहे.

गोव्यात ते अधिकच महत्त्वाचं आहे. 2005 पासून देशभर आशा कार्यकर्त्या उभ्या राहिल्या. गोव्याने ती योजना घेतली नाही. त्यामुळे इथे घराच्या दारापर्यंत जाणारी माणसं म्हणजे बहुउद्देशीय आरोग्य कर्मचारी, एएनएम आणि अंगणवाडी सेविका. पेडण्यात काय किंवा डिचोलीत काय, आरोग्य खात्याचं म्हणणं लोकांपर्यंत पोचतं ते यांच्याच तोंडून.

डेंगीचंच घ्या. एडिस डास साठवलेल्या स्वच्छ पाण्याशी अंडी घालतो, तीही पाण्यात नव्हे, तर पाण्याच्या रेषेच्या जरा वर, भांड्याच्या ओलसर भिंतीला चिकटवून. ही अंडी कोरडी पडली तरी महिनोन् महिने टिकतात आणि पाणी वर चढलं की फुटतात. अंड्यातून डास उडायला साधारण आठ-दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एकदा ‘कोरडा दिवस’ पाळायचा. प्रशिक्षणात हे सगळं सांगितलं जातं, कर्मचारी वहीत उतरवून घेतात आणि गावात जाऊन म्हणतात, ‘पिंप रिकामं करा.’

पण पिंप का भरलंय? पेडणे तालुक्याला चांदेलच्या प्रकल्पातून पाणी मिळतं. त्याची मदार तिळारीच्या पाण्यावर, आणि तिळारीचं धरण महाराष्ट्रात, दोडामार्गात. तिथला कालवा फुटला की इकडे गोव्यात नळ कोरडे पडतात. ज्या घरात पाणी एक दिवसाआड येतं, त्या घरातल्या बाईने भरलेलं पिंप ओतून द्यावं असं आपण कोणत्या तोंडाने सांगतो? ती मान डोलावते. कर्मचारी रजिस्टरमध्ये ‘समुपदेशन केले’ असं लिहिते. पुढच्या आठवड्यात पिंप तसंच, अळ्या तशाच, आणि अहवालात शेरा: लोक सहकार्य करत नाहीत.

प्रशिक्षणात मी हाच प्रसंग दोघींना करून दाखवायला लावते. एक कर्मचारी, दुसरी घरधनीण. पहिल्या खेपेला कर्मचारी हमखास भाषण सुरू करते आणि घरधनीण झालेली तिची सहकारी कंटाळून दुसरीकडे बघू लागते. दुसऱ्या खेपेला एकच अट घालते: पहिलं वाक्य प्रश्नाचं हवं. मग संभाषण पेडण्यातल्या कुठल्याही अंगणात व्हावं तसं होतं. ‘वयनी, नळाक उदक केन्ना येता?’ ‘एक दीस येता, एक दीस ना.’ इथून पुढे सल्ला आपोआप बदलतो. पिंप ओतू नका. तोंडाला सुती फडकं घट्ट बांधा, कड मोकळी ठेवू नका. पिंप तळाला जाईल त्या दिवशी आतली भिंत काथ्याने खरवडून घासा, कारण नुसतं पाणी ओतल्याने चिकटलेली अंडी जात नाहीत. हे त्या बाईला जमतं. ‘एक दिवसाआड’ ही माहिती आरोग्य केंद्राकडून पाणी खात्यापर्यंत जायला हवी, हेही त्याच प्रश्नातून निघतं. रजिस्टरमध्ये त्यासाठी रकानाच नसतो, आणि तो असायला हवा.

असं प्रशिक्षण म्हणजे करमणूक, असं म्हणणारे वरिष्ठ भेटतात. त्यांना मी गोव्याचंच उदाहरण देते. ‘संगत’ ही संस्था डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1996 मध्ये गोव्यात सुरू केली. नैराश्य आणि घातक मद्यपान यांवर प्राथमिक आरोग्य केंद्रातच उपचार व्हावेत म्हणून त्यांनी मानसशास्त्राची पदवी नसलेली, इथलीच साधी माणसं समुपदेशक म्हणून तयार केली. घातक प्रमाणात पिणाऱ्या पुरुषांवरच्या अभ्यासाचे निष्कर्ष 2017 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आले. नेहमीच्या उपचारासोबत जास्तीत जास्त चार भेटींचं समुपदेशन मिळालेल्यांपैकी 36 टक्के तीन महिन्यांत त्या धोकादायक पातळीच्या खाली आले. नुसते नेहमीचे उपचार मिळालेल्यांत हे प्रमाण 26 टक्के होतं. काजूच्या दारूचा, हुर्राकाचा हंगाम ज्यांनी जवळून पाहिलाय, त्यांना या दहा टक्क्यांची किंमत कळेल.

मला मात्र निकालापेक्षा ते समुपदेशक कसे घडले यात जास्त रस आहे. वर्गातलं प्रशिक्षण तीन आठवड्यांचं. त्यानंतर काही महिने खऱ्या रुग्णांबरोबर काम, आणि त्या संभाषणांचं ध्वनिमुद्रण. गट करून बसायचं, एकमेकांची भेट ऐकायची, गुण द्यायचे: कुठे घाई झाली, कुठे रुग्णाचं वाक्य तोडलं. सुरुवातीला तज्ज्ञ सोबत होते. हळूहळू समुपदेशकच एकमेकांची पारख तज्ज्ञांच्या जवळपास जाईल इतकी नेमकी करू लागले. आपल्या सरकारी प्रशिक्षणांचा साचा याच्या नेमका उलट आहे. एक दिवस, एक सभागृह, पाच वक्ते, जेवण, प्रमाणपत्र. त्यानंतर ती कर्मचारी घरात गेल्यावर काय बोलते, हे ऐकायला कोणी जात नाही. पोहणं शिकवताना विद्यार्थ्याला पाण्यात उतरवायचंच नाही, असं हे चाललंय.

प्रशिक्षणाची वेळ आणि जागाही चुकते. माकडतापाचं बघा. तो 1957 मध्ये कर्नाटकात शिमोग्याच्या क्यासनूर जंगलात ओळखला गेला. 2015 च्या सुमारास तो गोव्यात, सत्तरीत आला, 2016 मध्ये दोडामार्गात. गोचिडीतून पसरणारा हा ताप नेमका काजूच्या दिवसांत डोकं वर काढतो, बायामाणसं बागेत पाला तुडवत बोंडू गोळा करतात तेव्हा. बागेत जाण्याआधी अंगाला गोचीड दूर ठेवणारं डीएमपी तेल लावणं, घरी आल्यावर गरम पाण्याने आंघोळ आणि कपडे उकळत्या पाण्यात, मेलेलं माकड दिसलं तर हात न लावता कळवणं, हे सगळं जानेवारी उजाडण्याआधी घरात पोचलं पाहिजे. मार्चमध्ये भरलेल्या शिबिराचा त्या बागेतल्या बाईला काही उपयोग नाही.

आणि ती बाई कुठल्या राज्यातली, हे गोचीड विचारत नाही. दोडामार्ग आणि डिचोली यांच्यात एक नाका आहे, पत्रादेवी आणि बांदा यांच्यात दुसरा. महाराष्ट्राच्या बाजूचा गंभीर रुग्ण बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयातच (गोमेकॉत) येतो. लग्नसंबंध, बाजार, मजुरी सगळं एकमेकांत मिसळलेलं. मग दोन्हीकडच्या कर्मचाऱ्यांनी वेगवेगळ्या सभागृहांत, वेगवेगळ्या पत्रकांवर का शिकावं? पेडणे, डिचोली, सत्तरी, दोडामार्ग, सावंतवाडी इथल्या कर्मचाऱ्यांचं प्रशिक्षण डिसेंबरात एकत्र व्हावं, असा माझा आग्रह आहे. सभागृह नको; एखादी काजूची बाग आणि तिच्या शेजारचं घर पुरे. सकाळी बागेत गोचीड कुठे असते ते बघायचं, दुपारी त्या घरात एकीने बोलायचं आणि बाकीच्यांनी ऐकायचं. तेल कुठल्या केंद्रात शिल्लक आहे, कुणाच्या हद्दीत माकड मेलं तर कुणाला फोन करायचा, हे तिथेच ठरवून घ्यायचं. दर महिन्याला एकदा, मे संपेपर्यंत, त्याच गटाने पुन्हा बसायचं.