रंगाखालचें काम

आपली मोटार आपल्याच अंगणांत रंगवावी असें मनांत आलेला गृहस्थ प्रथम विचार करतो तो रंग कोणता असावा याचा. वास्तविक रंग देणें हा या उद्योगाचा शेवटचा आणि अगदीं थोड्या वेळाचा भाग होय. त्यापूर्वीचे कित्येक दिवस धुणें, घासणें, भरणें आणि पुन्हा घासणें यांतच जातात. आणि हें सारें काम रंगाच्या पहिल्या हातासरशीं कायमचें झांकलें जातें. जें कोणाच्या दृष्टीस पडावयाचें नाहीं तें मन लावून कां करावें, हा नीतिशास्त्रांतला जुना प्रश्न अशा वेळीं हातीं पॉलिशपेपर घेतलेल्या माणसापुढें उभा राहतो.

या कामाचा क्रम ठरलेला आहे. आधीं मेण व तेलकटपणा काढावा, मगच घासावें. नाहींतर तोच तेलकटपणा ओरखड्यांत भरला जातो. गंजल्या जागीं ८० क्रमांकाच्या जाड कागदानें पत्रा उघडा करावा, मग १८०, ३२० असें बारीक कागदाकडे यावें. खोलगट जागा पुट्टीनें सपाट कराव्या, वर प्रायमरचें अस्तर द्यावें, आणि तेंही ४०० ते ६०० च्या कागदानें पाणी लावून घासावें. १९२३ च्या सुमारास अमेरिकेंत ड्यूको नांवाचें लॅकर मोटारींस लागूं लागलें, तेव्हां जो रंग वाळण्यास आठवडे लागत त्यास तास पुरूं लागले. रंग घाई शिकला. त्याखालच्या तयारीला मात्र ती अद्याप साधलेली नाहीं.

एखादी पायरी गाळली तरी त्या दिवशीं रंग तितकाच चकाकतो. परंतु गंज मूळ लोखंडाहून अधिक जागा व्यापतो. म्हणून आंत राहिलेला ठिपका वाढत जाऊन रंगाची साल उचलतो. कोंकणच्या खाऱ्या हवेंत तर त्यास फार काळ लागत नाहीं.

कोणी म्हणेल, "मोटार ज्याची त्याची, त्यानें स्वतःस फसविलें तर दुसऱ्याचें काय गेलें?" हा युक्तिवाद आम्हांस मान्य नाहीं. दारांखालचा जो पत्रा सांगाड्यास बळकटी देतो तो गंजून पोकळ झाला असतां नवा न जोडतां पुट्टीनें बुजविला, तर त्याच्या भरंवशावर घरचीं माणसें आंत बसलेलीं असतात. उद्यां ती मोटार विकत घेणारा चकाकी पाहूनच पैसे मोजतो. दोन भाग मिसळून फवारावयाच्या कित्येक रंगांत आयसोसायनेट हें फुप्फुसांस घातक द्रव्य असतें. तेथें नाकास फडकें बांधून भागत नाहीं, आणि शेजाऱ्याचाही श्वास त्यांत गुंतलेला असतो. असें काम योग्य सोय असलेल्या कारखान्याकडे सोंपविण्यांत कमीपणा नाहीं.

याहूनही जवळचें एक कारण आहे. धंद्यांत लबाडी करणाऱ्यास निदान पैसा मिळतो. स्वतःचेंच काम चुकविणाऱ्याच्या पदरीं पडते ती केवळ एक मोकळी दुपार. पुढें लोक रंगाची स्तुति करतील, आणि ती ऐकतांना खालीं काय आहे हें त्या एकट्यासच ठाऊक असेल. ती स्तुति निःशंक मनानें ऐकतां यावी, एवढ्यासाठीं तरी कागद पुन्हा एकदां हातीं घ्यावा, असें आम्हांस वाटतें.