मुलगा मृत्यूविषयी विचारतो तेव्हा



गेल्या पावसाळ्यात जुम्याच्या नमाजनंतर बदलापूरचे एक गृहस्थ कापडी पिशवी घेऊन माझ्याकडे आले. पिशवीत त्यांच्या सोळा वर्षांच्या मुलाची पुस्तके होती. मुलाचा वर्गमित्र अंबरनाथ आणि बदलापूरच्या मध्ये लोकलमधून पडून मरण पावला होता. तेव्हापासून मुलगा रात्र रात्र वाचत बसे आणि विचारी : रूह जाते म्हणजे नेमके काय जाते? काल बाकावर शेजारी बसणारा आज कुठे आहे? "मौलाना, ही पुस्तके तुमच्याकडेच राहू द्या. त्याचे ईमान डळमळते आहे," वडील म्हणाले.

मी पिशवी ठेवून घेतली, ही माझी पहिली चूक. मुलाला बोलावून इस्तिगफार पढण्यास सांगितले आणि अशा प्रश्नांपासून दूर राहण्याची ताकीद दिली, ही दुसरी. तो "जी" म्हणून निघून गेला. पुढे त्याने काही विचारले नाही. घरच्यांना वाटले, गुण आला. मला मात्र त्या "जी"ची भीती वाटू लागली.

कारण सूरह बकराची २६०वी आयत मी स्वतः मुलांना शिकवतो. प्रेषित इब्राहीम (अ.) अल्लाहला विचारतात की, तू मृतांना जिवंत कसे करतोस ते मला दाखव. तुझा विश्वास नाही काय, असा प्रतिप्रश्न होतो. विश्वास आहे, पण अंतःकरणाला समाधान हवे, असे ते सांगतात. यावर त्यांना दटावले गेले नाही. चार पक्षी घेण्यास सांगून डोळ्यांना दिसेल असे उत्तर दिले गेले. अल्लाहच्या खलीलला जी मुभा मिळाली, ती एका दुःखी मुलाला नाकारणारा मी कोण?

पिशवी उघडली तर वरच 'श्यामची आई' होती. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेले हे पुस्तक बी.ए.च्या दिवसांत वाचताना आईच्या मृत्यूपाशी मीही थांबलो होतो. त्यात ईमानाला धोका तो कोणता? मृत्यूविषयीचे वाचन आपल्या परंपरेला तर मुळीच परके नाही. इमाम गजालींच्या 'इह्या'च्या चाळीस भागांपैकी शेवटचा भाग मृत्यू आणि त्यानंतरच्या जीवनावरच आहे. (आपल्या अंबरनाथचे शिवालय इ.स. १०६० मध्ये उभे राहिले, तेव्हा गजाली दूर तूस येथे दोन वर्षांचे होते. वडिलांचे छत्र त्यांनीही लवकर गमावले.)

मी मुलाला पुन्हा बोलावले, माफी मागितली आणि बाराव्या शतकातील अंदलूसचे हकीम इब्न तुफैल यांची 'हय्य बिन यक्जान' ही कथा सांगितली. निर्जन बेटावरच्या हय्यला एक हरिणी वाढवते. ती मरते, तेव्हा तो तिचे डोळे, कान तपासतो. सारे जागच्या जागी असते. अखेरीस तो तिची छाती उघडतो. हृदयाचा एक कप्पा गोठलेल्या रक्ताने भरलेला, दुसरा रिकामा. आपण जिच्यावर प्रेम केले ती या रिकाम्या जागेत राहत होती आणि निघून गेली, असे त्याला उमगते. मग एका कावळ्याला दुसऱ्याचे प्रेत मातीत पुरताना पाहून तो हरिणीला दफन करतो. सूरह माइदामधील कावळा मुलाला आठवला आणि तो प्रथमच माझ्याकडे मान वर करून पाहू लागला.

"पण ते गेले कुठे?" त्याने विचारले. बर्जख, कयामत, हिशेब, जे अल्लाहने कळवले आहे ते मी सांगितले. रूहच्या स्वरूपाविषयी मात्र माणसाला फार थोडे ज्ञान दिले गेले आहे, असे कुरआनच सांगतो. तेव्हा यापुढचे मलाही ठाऊक नाही, हे कबूल केले.

मग त्याने खरी बोच सांगितली. चांगली माणसे लवकर जातात, असे शेजारी म्हणत होते. मग मी वाचलो, म्हणजे मी वाईट काय? बंधूंनो, समजुतीखातर बोललेले वाक्य कुठे जाऊन रुतते पाहा. प्रेषित मुहम्मद (स.) यांचा तान्हा पुत्र इब्राहीम वारला, त्या दिवशी सूर्यग्रहण लागले. लोक दोहोंचा संबंध जोडू लागले. कुणाच्या मरणाने वा जगण्याने ग्रहण लागत नाही, असे प्रेषितांनी स्पष्ट केले. पुत्रासाठी त्यांचे डोळे वाहिले होते. तरीही सांत्वन करणारा खोटा अर्थ त्यांनी स्वीकारला नाही.

मित्राच्या घरी अजून गेलो नाही, तिथे काय बोलावे कळत नाही, असेही तो म्हणाला. त्या रविवारी आम्ही दोघे गेलो. त्याच्या आईने पाणी दिले. मग आतून मुलाची विज्ञानाची वही आणली. तिच्यात अर्धे अक्षर या मुलाचे होते.