काळे मणी आणि तांब्याचे पदक

धर्मगुरूच्या दारी येणारे प्रश्न दोन प्रकारचे असतात. काहींची उत्तरे आम्ही सेमिनरीत शिकलेलो असतो. काहींची शिकलो आहोत, असे आम्हाला नुसते वाटत असते. कर्वेनगरात राहणाऱ्या एका भगिनीने काही वर्षांपूर्वी मला विचारलेला प्रश्न या दुसऱ्या प्रकारचा होता, हे माझ्या ध्यानी यायला बराच काळ जावा लागला.

त्यांच्या पतीच्या निधनाला चार वर्षे झाली होती. दीर्घ आजारपणात मंगळसूत्राच्या सोन्याच्या वाट्या विकाव्या लागल्या. काळ्या मण्यांचे सर तेवढे गळ्यात उरले. अंत्यविधीच्या दिवशी नात्यातील वडीलधाऱ्या स्त्रियांनी तेही उतरवले आणि कागदाच्या पुडीत बांधून कपाटात ठेवले. त्यांना कुणी काही विचारले नाही. आता मुलाचे लग्न ठरले होते. शिवणकामाच्या मिळकतीतून त्यांनी कसबा पेठेतील तांबट आळीत घडलेले एक तांब्याचे पदक घेतले होते. ते मध्यभागी ठेवून त्याभोवती तेच काळे मणी आपल्या हाताने ओवावेत आणि ती माळ लग्नात घालावी, अशी त्यांची इच्छा होती. नणंदेचा त्याला ठाम विरोध होता. "फादर, यात काही पाप आहे का?" एवढेच त्यांनी विचारले.

मी म्हणालो, "पाप कसले? पण घरात वाद कशाला? मणी राहू द्या कपाटात. गळ्यात पवित्र मातेचे पदक घाला, म्हणजे कुणाला बोलायला जागा उरणार नाही."

त्या क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, "फादर, कपाटात ठेवलेली वस्तू जपलेली असते की पुरलेली?"

या प्रश्नाचे उत्तर माझ्याजवळ नव्हते. धन्याने दिलेले नाणे जमिनीत पुरून ठेवणाऱ्या चाकराचा दाखला मी कितीतरी वेळा वेदीवरून समजावून सांगितला आहे. तो माझ्याच बैठकीच्या खोलीत येऊन उभा राहील, असे वाटले नव्हते.

अलंकारांविषयी आपल्या मनात एक जुनी शंका घर करून असते. संत पेत्र आणि संत पौल या दोघांनीही बाह्य शृंगारापेक्षा अंतःकरणाच्या शृंगाराला मोठे म्हटले आहे. परंतु संत थॉमस अक्विनस यांनी या विषयाचा विचार करताना दोष अलंकारात न शोधता तो धारण करणाऱ्याच्या हेतूत शोधला, आणि जे कारागीर असे अलंकार घडवतात त्यांच्या माथी दोष मारला नाही. निर्गमाच्या ग्रंथात तर बसालेलाला सोने, रुपे, पितळ घडवण्याची बुद्धी परमेश्वराच्या आत्म्यापासून लाभली, असे वर्णन आहे. तेव्हा खरा प्रश्न माळेचा नव्हता. विधवेच्या गळ्यात काय असावे हे कुणी ठरवायचे, हा तो प्रश्न होता.

ज्या उपनगरात त्या राहतात त्याच्या नावातच या प्रश्नाचा इतिहास आहे. महर्षी धोंडो केशव कर्वे यांनी 1893 साली गोदूबाई या विधवेशी विवाह केला, तेव्हा त्यांच्या मुरूड गावाने त्यांना वाळीत टाकले. 1896 मध्ये त्यांनी अनाथ बालिकाश्रमाची स्थापना केली आणि 1900 मध्ये तो पुण्याबाहेर हिंगणे येथे, एका साध्या झोपडीत नेला. तेथून ते फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवायला पायी जात. ज्या मुलींच्या अंगावरचे दागिने आणि डोक्यावरचे केस इतरांनी काढून घेतले होते, त्यांच्या हाती या गृहस्थाने पाटी-पुस्तक दिले. त्याच परिसराला आज आपण कर्वेनगर म्हणतो. पण परिसराला नाव देणे सोपे असते. कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड या गावाच्या ग्रामसभेने विधवेचे मंगळसूत्र काढणे, बांगड्या फोडणे, कुंकू पुसणे या प्रथा बंद करण्याचा ठराव केला, तो 2022 साली. मधल्या काळात सव्वाशे वर्षे गेली होती. आणि आपण ख्रिस्ती म्हणवणारेही या प्रथेपासून वाटते तितके दूर नव्हतो. त्या अंत्यविधीला मी स्वतः प्रार्थना म्हणत होतो. शेजारच्या खोलीत मण्यांची पुडी बांधली जात होती.

पुढे एकदा त्यांच्या घरी गेलो असता माळेचे काम चालू होते. मी पाहत बसलो. माळ मण्यांपासून सुरू होते असा माझा समज होता. त्या म्हणाल्या, "आधी पदक हातात घेऊन तोलायचं. किती जड आहे ते कळलं, की मग दोरा, मणी, लांबी ठरते." पदकावर मठाराचे काम होते. तांबटाच्या हातोडीचा एकेक ठोका शेजारी शेजारी बसून पत्र्यावर बारीक खळग्यांची नक्षी उठते. तिच्यावर उजेड खेळतो आणि त्या ठोक्यांनीच तांबे कणखरही होते.

पहिला प्रयत्न फसला होता. मंगळसूत्राचे मणी बारीक, पदक जड. एकाच सरात ओवल्यावर दोरा ताणून खाली टोकदार झाला. पदकाच्या छिद्रातून दोरा सरळ नेल्यामुळे पदक छातीवर पालथे न पडता आडवे उभे राही. छिद्राच्या धारदार कडेने दोराही कातरला गेला आणि मणी घरभर पसरले. दुसऱ्या वेळी त्यांनी छिद्रात एक कडी बसवली, म्हणजे पदक सपाट बसले आणि दोराही वाचला. दोन्ही बाजूंना एकेक सर न ठेवता तीन-तीन सर केले, आणि ते पदकाजवळ एकत्र येतात तेथे रविवार पेठेतून आणलेला एकेक मोठा लाकडी मणी घातला. बारीक मण्यांवरून एकदम जड पदकावर उतरायचे तर डोळ्यालाही मध्ये एक पायरी लागते. दर पाच मण्यांनंतर गाठ मारली होती. दोरा कुठे तुटलाच, तर पाचच मणी सांडावेत. लांबी 18 इंचांवरून 22 इंच केली, कारण पदक ब्लाउजच्या काठावर अडकत होते.

हे पाहताना मला जे उमगले ते सांगतो. मंगळसूत्र हे कुणीतरी गळ्यात घातलेले चिन्ह होते. विवाहाचे बंधन मृत्यूबरोबर संपते, असे संत पौल स्पष्ट सांगतात. म्हणून ते चिन्ह पूर्वीच्या अर्थाने पुन्हा घालण्याचा प्रश्नच नव्हता, आणि त्या बाई तसे करतही नव्हत्या. बंधन संपते, पण ज्या प्रेमाने ते पाळले ते प्रेम संपत नाही. मध्य हरपला म्हणून भोवतालचे सारे मणी निरुपयोगी, असे रूढी म्हणत होती. त्यांनी स्वतःच्या श्रमाच्या पैशातून नवा मध्य आणला आणि जुन्या मण्यांना त्याच्याभोवती जागा दिली. यात विस्मरण नव्हते आणि मिरवणेही नव्हते.

तरीही नणंदेची बाजू मी हलकी मानत नाही. मी त्यांना भेटलो तेव्हा लोकलाजेचा विषय त्यांनी फारसा काढलाच नाही. त्या म्हणाल्या, "फादर, माझ्या भावाचं या घरात आता दुसरं काय उरलंय? तेही मोडून टाकायचं?" चिन्ह एकट्याचे कधीच नसते, ते पाहणाऱ्यांचेही असते. दुर्बळ बंधूच्या मनाला ठेच लागू नये म्हणून आपला हक्क सोडायला संत पौल तयार होते. तेव्हा नणंदेचे म्हणणे ऐकून घेतले जाणे हा तिचा अधिकार होता. पण ऐकले जाण्याचा अधिकार वेगळा आणि दुसऱ्याच्या गळ्याचा निर्णय करण्याचा अधिकार वेगळा. या दोहोंत गल्लत झाली की प्रेमाचे रूपांतर सत्तेत होते, आणि ते झाले हे प्रेम करणाऱ्यालाच शेवटी कळते. माझ्या पहिल्या सल्ल्यातही हीच गल्लत होती. घरातली शांती राखण्याच्या नावाखाली मी गप्प बसायला सांगितले ते तिलाच, जिला आधीच कुणी विचारले नव्हते.

माळ पूर्ण झाल्यावर काही मणी उरले. ते त्यांनी एका डबीत घालून नणंदेला दिले. नणंदेने डबी घेतली; पसंती मात्र दिली नाही. लग्नाच्या मिस्साला दोघी एकाच बाकावर बसल्या होत्या. त्यांच्यात काय बोलणे झाले ते मला ठाऊक नाही.

वाचकांपाशी एकच मागणे आहे. आपल्या घरी किंवा शेजारी असा दुःखाचा प्रसंग येईल, तेव्हा त्या स्त्रीच्या अंगावरील काहीही उतरवण्यासाठी आपला हात पुढे होऊ देऊ नका. तिला वाटले तर ती उतरवील, वाटले तर ठेवील, वाटले तर आणखी काही वर्षांनी त्यातून नवे काही ओवील. आणि तिने आपल्याला विचारलेच, तर माझ्यासारखे घाईने उत्तर देऊ नका. आधी तिच्या मनावर किती भार आहे तो पाहा. त्या भगिनीही पदक तोलून पाहिल्यावाचून दोऱ्याला हात लावत नव्हत्या.