टाळ चालू ठेवणारी दिंडी

वैशाखात सप्ताहानिमित्त आमचे चौसाळ्यास जाणे झाले. प्रवचन आटोपल्यावर एक शेतकरी जवळ येऊन बसले व म्हणाले, "महाराज, शेजाऱ्यानं चारशे फूट बोअर घेतला, माझी विहीर आटली. आता मी पाचशे फूट जाऊ नको का? मी एकटा थांबलो तर पाणी राहतंय थोडंच! ते त्याच्या उसाला जाईल."

सज्जनहो, याला 'लोभ सोडा' एवढेच उत्तर देणे म्हणजे त्या गरिबाची थट्टा होय. तो लोभी नाही, धास्तावलेला आहे. ज्याचा त्याचा हिशेब बरोबर आणि गावाचा मात्र चुकलेला, असा हा पेच. 2016 च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले, ते आपण सर्वांनी पाहिलेच.

आता वारीकडे पाहा. तेथे काय सगळे संतच चालतात? पुढे घुसणारे असतात, फुकट जेवणारेही असतात. आम्ही पाहिले आहेत! तरी सोहळा चालतो. दिंडीची भिशी ठरलेली, क्रम ठरलेला. माउलींच्या सोहळ्यात मुक्कामी समाजआरतीस चोपदार चोप उंचावतात आणि सारे टाळ थांबतात. जिची तक्रार असेल ती दिंडी मात्र टाळ वाजवीतच राहते. मग तिचे गाऱ्हाणे सर्वांदेखत ऐकून घेतात. तक्रार रानात कुजत नाही, की कोर्टात जात नाही.

अमेरिकेतील एलिनॉर ऑस्ट्रम या विदुषींनी देशोदेशींची कुरणे, कालवे, कोळ्यांची गावे अभ्यासून असेच काही सांगितले. वापरणारांनी नियम स्वतः करावेत, एकमेकांवर नजर ठेवावी, चुकणाऱ्यास आधी लहानसा दंड करावा, भांडण मिटविण्याची जागा जवळ असावी. 2009 साली त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

फार लांब कशाला, नगरकडच्या हिवरे बाजारात शेतीसाठी बोअर घ्यावयाचा नाही, असे गावानेच ठरविले. पाऊस मोजून ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडतात. पाऊस कमी पडला की पिके बदलतात. तेथील माणूस थांबतो, कारण शेजारी थांबलेला त्याला दिसतो.

हे सारे ऐकून ते शेतकरी म्हणाले, "ते खरं, पण आमच्या गावात चोप कोणी उचलायचा?"

मंडळी एकमेकांकडे पाहू लागली. ज्यांचा चारशे फुटी बोअर, ते शेजारीही तेथेच बसले होते. येत्या एकादशीस पारावर पुन्हा बसावयाचे ठरले आहे.