अपरिग्रह कोणाला शिकवायचा?

ईशावास्याने भोगाला त्यागाची अट घातली आणि दुसऱ्याच्या धनाचा लोभ नको असे बजावले. जैन धर्माने अपरिग्रहाला पाच व्रतांत स्थान दिले. गांधीजींनी असंग्रह म्हणून तो आपल्या एकादश व्रतांत घेतला. पण आपण त्याला नेहमी व्यक्तीचा सद्गुण मानत आलो. त्यामुळे हवा बिघडली, जंगल आटले की उपदेश सर्वांना सारखाच होतो: गरजा कमी करा. मुंबईच्या टॉवरमधल्या माणसाला तोच आणि चंद्रपूर जिल्ह्यातल्या पोंभुर्ण्याच्या जंगलात मोहफुले वेचणाऱ्या बाईलाही तोच. या उपदेशात मुळातच चूक आहे. कोणाच्या घरात किती वस्तू आहेत, एवढाच परिग्रहाचा प्रश्न नाही. आपल्या उपभोगाची झळ दुसऱ्याच्या दारात ढकलण्याची ताकद कोणाकडे आहे, हा त्याचा गाभा आहे. ही ताकद विषमतेबरोबर वाढते. म्हणूनच विषमता माणसांवर अन्याय करते आणि निसर्गाचा ऱ्हासही घडवते.

ऑक्सफॅमच्या २०२० च्या अहवालानुसार १९९० ते २०१५ या काळातल्या कार्बन उत्सर्जनापैकी ५२ टक्के उत्सर्जन जगातल्या सर्वांत श्रीमंत १० टक्के लोकांचे होते. गरीब निम्म्या जगाच्या वाट्याला ७ टक्के येत होते. पण यावरून श्रीमंत जास्त वापरतात एवढेच कळते. विषमतेमुळे निसर्गाचा ऱ्हास का होतो, याच्या मुळाशी जाणारे उत्तर अर्थतज्ज्ञ जेम्स बॉइस यांनी १९९४ मध्ये मांडले. प्रदूषणाचा फायदा घेणारे आणि त्रास भोगणारे वेगळे असतात. फायदा घेणारे जितके बलवान, तितके नुकसान मोठे. चंद्रपूर हे त्याचे ठळक उदाहरण आहे. इथल्या औष्णिक केंद्राची क्षमता २९२० मेगावॉट आहे. वीज राज्यभर जाते. राख, धूर आणि कोळशाच्या खाणींचे खड्डे जिल्ह्यात राहतात. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २००९ च्या निर्देशांकात चंद्रपूर देशात चौथे होते. अशी राख दक्षिण मुंबईत उडाली असती, तर तिचा बंदोबस्त कधीच झाला असता.

हाच नियम जंगलात अधिक जवळून दिसतो. उन्हाळ्यात तेंदूपानाचा हंगाम येतो. पहाटे घरची सगळी माणसे जंगलात जातात, दुपारी सत्तर-सत्तर पानांची पुडकी बांधतात आणि संध्याकाळी फळीवर, म्हणजे संकलन केंद्रावर, मोजून देतात. कोवळे पान भरपूर यावे म्हणून आधी झुडपांची छाटणी होते, वणवेही लावले जातात. कंत्राटदाराचा संबंध एका हंगामापुरता असतो. जंगल पुढच्या वर्षी कसे उगवेल, हे त्याच्या हिशेबात येत नाही. पोंभुर्ण्याच्या शेजारच्या गोंडपिपरी तालुक्यातल्या पाचगावाला मात्र २०१२ मध्ये सुमारे हजार हेक्टरवर सामूहिक वनहक्क मिळाला. तिथल्या ग्रामसभेने तेंदू तोडायचाच नाही, असे ठरवले. हातात येणारा पैसा सोडला आणि बांबूवर रोजगार उभा केला. गडचिरोलीच्या मेंढा-लेखा गावाला हा हक्क २००९ मध्येच मिळाला होता, आणि २०११ मध्ये बांबूचे वाहतूक परवाने ग्रामसभेच्या हाती आले. तोटा आणि फायदा एकाच दारात आला, की माणूस संयमी होतो. त्यासाठी त्याला संत व्हावे लागत नाही.

यावर पहिला आक्षेप असा की गरिबी हीच जंगलाची शत्रू आहे. सरपणासाठी फांदी गरीबच तोडतो. तोडतो हे खरे. पण मोळीने जितके जंगल जाते, त्याची एका उघड्या खाणीशी तुलनाच होऊ शकत नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. मार्टिन रॅव्हॅलियन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली दाखवले की उत्पन्नाची वाटणी समान केली, तर निदान सुरुवातीला उत्सर्जन वाढू शकते, कारण गरिबाच्या वाढीव रुपयातला मोठा भाग इंधन आणि विजेवर जातो. हे नाकारण्यात अर्थ नाही. घरात गॅस आणि दिवा येणे हा न्याय आहे आणि त्याची किंमत वरच्या थरानेच आपला वापर घटवून द्यायला हवी. तिसरा आक्षेप सोव्हिएत संघाचा. तिथे उत्पन्नातली दरी कमी होती, तरी कापसासाठी नद्या वळवून अरल समुद्र आटवला गेला. पण हे उदाहरण माझेच म्हणणे पक्के करते. तिथे पगार जवळपास सारखे होते, निर्णयाचा अधिकार मात्र मॉस्कोत होता. किनाऱ्यावरच्या कोळ्याला नाही म्हणायची सोय नव्हती. उत्पन्नाची समता पुरेशी नाही. नकाराच्या अधिकाराची समता लागते.

म्हणून अपरिग्रहाचा अर्थ नव्याने लावायला हवा. आपल्या सुखाचा भार दुसऱ्यावर टाकण्याचा अधिकार कोणीही बाळगू नये, हा तो अर्थ. ज्याच्याकडे संग्रहच नाही, त्याला हे व्रत शिकवण्यात धर्म नाही. ते शिकवायचे असेल तर विजेचा दर ठरवताना राखेची किंमत त्यात धरा, खाणीला परवानगी देण्याआधी ग्रामसभेला विचारा, आणि तिने नाही म्हटले तर ते नाहीच समजा.