आधी ऋण, मग निर्वाह

वाचन : २ राजे, अध्याय ४, वचने १ ते ७



अलीशा संदेष्ट्याकडे एक विधवा आक्रोश करीत आली, ही कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो आहो. तिचा नवरा संदेष्ट्यांच्या शिष्यांपैकी होता आणि देवाचे भय बाळगणारा होता. तरी तो मागे ऋण ठेवून मेला. आता धनको तिच्या दोन्ही मुलांस दास करून नेण्यासाठी दाराशी उभा होता. यावरून पहिली गोष्ट ध्यानात घ्यावी, ती ही की, ऋण केवळ दुराचारी मनुष्याच्याच घरी शिरते असे नाही. पाऊस चुकतो, दुखणे येते, भाव पडतो, आणि भल्या माणसाचे शेत गहाण पडते. म्हणून मंडळीत कोणाचे शेत वा घर गहाण आहे असे कानी आले, तर त्याजकडे बोट दाखवू नये. परंतु ऋण येणे ही एक गोष्ट, आणि ते घरात सुखाने नांदू देणे ही दुसरी. आज त्या दुसऱ्या गोष्टीविषयी बोलावयाचे आहे.

अलीशाने त्या बाईला विचारले की, तुझ्या घरात काय आहे? राजाकडे अर्ज कर किंवा दुसऱ्या धनकोकडे जा, असे तो म्हणाला नाही. त्याने घरातील जिनसांचा हिशेब मागितला. बाईला वाटले, आपल्यापाशी काहीच नाही. मग आठवले की तेलाचे एक भांडे आहे. आपणांपैकी कितीजणांस आपल्या ऋणाचा आकडा नीट सांगता येईल? मुद्दल किती उरले, व्याज किती गेले, मुदत केव्हा भरते? पुष्कळ घरी हे फक्त कर्त्या पुरुषाला ठाऊक असते, आणि तोही ते मनात कोंडून ठेवतो.

माझ्याच घरचे सांगतो. सुमारे तीस वर्षांमागे माझ्या वडिलांनी थोरल्या बहिणीच्या लग्नासाठी वरूडजवळची आमची संत्र्याची बाग एका खाजगी धनकोकडे गहाण ठेवून ४० हजार रुपये घेतले. व्याज शेकडा दोन दरमहा, मुदत सात वर्षांची. आईला त्यांनी यातले काही सांगितले नाही. लग्न थाटात झाले, बँड वाजला, गावजेवण झाले. पुढे दोन वर्षे बहार विकला की वडील मुकाट्याने व्याज नेऊन देत. दोन वर्षांत १९,२०० रुपये गेले, आणि मुद्दल ४० हजारांचे ४० हजार उभे. वडील रात्री झोपत नसत, जेवताना बोलत नसत. आम्हांस वाटे, ते आमच्यावर रागावले आहेत. एके दिवशी धनकोचा माणूस अंगणात येऊन मोठ्याने बोलून गेला, तेव्हा आम्हांस सारे कळले.

त्या रात्री आईने दार लावून घेतले आणि सर्वांस कंदिलापाशी बसविले. तिने वडिलांस एक कठोर शब्द बोलला नाही. ती एवढेच म्हणाली, "आकडा सांगा." वडिलांनी सांगितला, आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी आले. बंधूंनो, अलीशानेही त्या विधवेला हेच सांगितले होते की, तू आणि तुझे मुलगे आत जा आणि दार लावून घ्या. मुलगे भांडी आणून देत होते, आई ओतीत होती. एकट्या मनुष्याने फेडावयाचे ऋण डोंगराएवढे भासते. घरातील चार माणसांनी हात लावला म्हणजे ते मोजता येण्याजोगे होते. आपल्या वऱ्हाडात ऋणाच्या ओझ्याखाली किती घरे उद्ध्वस्त झाली, किती कर्ते पुरुष कोणास न सांगता आपल्या जिवाला मुकले, हे तुम्ही जाणता. म्हणून ज्याच्या उरावर हे ओझे आहे त्यास माझी हात जोडून विनंती आहे की, आजच आपल्या बायकोला, भावाला किंवा पाळकाला आकडा सांगा. सांगण्यात लाज नाही. लपविण्यात मात्र जिवाचा धोका आहे.

मग आमच्या घरी काटकसर सुरू झाली. वडिलांनी फटफटी विकून जुनी सायकल घेतली. बाजाराच्या दिवशीचा चहा आणि पान सोडले. आईने चार शेळ्या पाळल्या. आम्ही भावंडे दिवाळीच्या सुट्टीत कापूस वेचावयास जाऊ, आणि ती मजुरी एका डब्यात पडे. नवे कपडे वर्षातून एकदा, नाताळास. धाकट्या बहिणीचे लग्न त्याच काळात झाले. देवळात उपासना, मग वरण, भात, पोळी आणि एक गोड पदार्थ. काही नातलग हसले. परंतु त्या लग्नासाठी कोणाचा एक रुपयाही काढावा लागला नाही.

संत्र्याची बाग करणाऱ्यास हे सांगावयास नको की, झाडाला ताण दिल्यावाचून बहार येत नाही. आंबिया बहार धरावयाचा तर हिवाळ्यात पाणी तोडावे लागते. पाने मलूल होतात, काही गळतात, आणि पाहणाऱ्यास वाटते की बाग मेली. मग पाणी सोडले की फांदी फांदी फुलाने भरते. काटकसर ही घराला दिलेला ताण होय. परंतु ताणाला मर्यादा आहे. जमीन पाहून दिवस मोजावे लागतात, नाहीतर झाड वाळते. आमच्या वडिलांनी एकदा ठरविले की माझ्या भावाची शाळा सोडवून त्यास कामाला लावावे. आई म्हणाली, "पोराची शाळा सोडवाल, तर मी या फेडीत नाही." आणि ती खरी होती. मुलांचे शिक्षण, आजाऱ्याचे औषध, लेकरांचे दूध आणि बाळंतिणीचा आहार यांवर ताण देऊ नये. तो द्यावा तंबाखूवर, दारूवर, देखाव्यावर, आणि लोक काय म्हणतील या भयावर.

पुढे तीन वर्षांत, म्हणजे मुदतीच्या दोन वर्षे आधी, ते गहाण सुटले.

आता लवकर फेडीचा लाभ किती, हे एका उदाहरणाने पाहू. समजा, कोणी घर बांधण्यासाठी बँकेकडून ५ लाख रुपये घेतले. व्याज दरसाल शेकडा ९, मुदत १५ वर्षे. महिन्याचा हप्ता सुमारे ५,०७१ रुपये येतो. पहिल्या महिन्याच्या हप्त्यापैकी ३,७५० रुपये व्याजात जातात, मुद्दलातून केवळ १,३२१ रुपये कमी होतात. पंधरा वर्षांत एकंदर व्याज ४ लाख १२ हजारांवर जाते. आता त्या कुटुंबाने काटकसरीने दरमहा २,००० रुपये जास्त भरले, तर ते सारे मुद्दलात जातात; ऋण सुमारे साडेआठ वर्षांत फिटते आणि व्याजाचे १ लाख ९७ हजार रुपये वाचतात. दोन हजार म्हणजे दिवसाला सदुसष्ट रुपयेसुद्धा होत नाहीत. मात्र अधिक रक्कम भरताना ती मुद्दलात जमा करावी असे बँकेस लेखी सांगावे. बदलत्या व्याजदराच्या घरकर्जावर व्यक्तीकडून मुदतपूर्व फेडीचा दंड घेऊ नये, असे रिझर्व्ह बँकेने २०१२ सालीच बँकांस बजावले आहे. आणि ऋणे अनेक असतील, तर ज्याचे व्याज सर्वांत जड ते आधी फेडावे.

तेजीचे वर्ष आले म्हणजे विशेष सावध असावे. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चालले होते, तेव्हा वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला आणि सावकारांनी सढळ हाताने पैसे दिले. युद्ध संपले, भाव कोसळला. ऋण मात्र तसेच राहिले. जो मनुष्य चांगल्या बहाराच्या वर्षी मुद्दल कापतो, त्यास पुढचे वाईट वर्ष मारू शकत नाही. सरकारची कर्जमाफी २००८ साली आली, २०१७ साली आली, २०१९ साली आली. ज्यांस मिळाली त्यांनी ती कृतज्ञतेने घेतली, हे योग्यच झाले. परंतु पुढच्या माफीच्या आशेवर आजचा हप्ता थकवू नये. थकलेल्या ऋणावर व्याज चढते आणि नवे पीककर्ज अडते.

आपल्याच अमरावती जिल्ह्यात शेणगावी १८७६ साली जन्मलेले गाडगेबाबा आपल्या मंडळीचे नव्हते. तरी या बाबतीत त्यांच्यापासून शिकण्यात आपणांस कमीपणा नाही. बाप दारूने गेला, आणि मामाच्या घरी वाढत असता सावकारीचा जाच त्यांनी डोळ्यांनी पाहिला. मग घरी बारसे आले, तेव्हा जातीच्या रिवाजाप्रमाणे मद्यमांसाचे जेवण न घालता त्यांनी गोडाचे साधे जेवण घातले, आणि लोकांचे बोलणे सोसले. १९५६ साली वलगावनजीक त्यांनी देह ठेवला, तोपर्यंत कर्ज काढून सण साजरे करू नका, असे ते गावोगाव कीर्तनातून सांगत राहिले. अक्षरओळख नसलेल्या त्या पुरुषाने जे जाणले, ते शास्त्र वाचणाऱ्या आपण विसरावे काय?

ज्यांच्या गहाणाला विक्रीखताचे सोंग देऊन कोणी बेकायदा सावकाराने शेत घेतले असेल, त्यांनी हताश होऊ नये. २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी अधिनियमान्वये जिल्ह्याच्या सहकार खात्यातील उपनिबंधकाकडे अर्ज करता येतो. पंधरा वर्षांच्या आतील असा व्यवहार चौकशीत सिद्ध झाल्यास जमीन परत मिळू शकते. आणि ज्यांचे ऋण फिटले, त्यांनी कागद पुरा करून घ्यावा. सातबाऱ्यावरील बोजा उतरवावा, मूळ दस्तऐवज मागून घ्यावेत. १ डिसेंबर २०२३ पासून, फेड पूर्ण झाल्यावर ३० दिवसांच्या आत बँकेने तारणाचे मूळ कागद परत करावे, न केल्यास विलंबाच्या दर दिवसास ५,००० रुपये द्यावे, असा रिझर्व्ह बँकेचा नियम लागू आहे.

उपदेशक बंधूंनो, तुम्हांस एक शब्द. त्या विधवेला शेजाऱ्यांनी तेल दिले नाही, रिकामी भांडी दिली. आणि तेवढ्यानेच तिचे काम झाले. मंडळीने प्रत्येकाचे ऋण फेडावे असे कोणी म्हणत नाही. परंतु साध्या लग्नाला तुम्ही आनंदाने बसा, आणि थाटाच्या लग्नाची व्यासपीठावरून वाखाणणी करू नका. ज्या घरात आकडा सांगण्याचे धैर्य नाही, तेथे संध्याकाळी जाऊन बसा, कागद वाचून दाखवा, हिशेब मांडून द्या, आणि ऐकलेले पोटात ठेवा. हीच आपली रिकामी भांडी होत.

शेवटी अलीशाने त्या बाईला जो क्रम लावून दिला तो पाहा. तेल विकावे, ऋण फेडावे, आणि उरेल त्यावर तिने व मुलांनी निर्वाह करावा. आपण नेहमी याच्या उलट करतो. आधी निर्वाह, मग सण, मग देखावा, आणि उरले तर ऋण. उरत कधीच नाही. ज्या घरी हा क्रम पालटतो, त्या घरची लेकरे दास होत नाहीत.

ज्या दिवशी आमचे गहाण सुटले, त्या दिवशी वडील कागद घेऊन घरी आले आणि तो त्यांनी आईच्या हाती दिला. तिला वाचता येत नव्हते. तिने तो माझ्याकडून मोठ्याने वाचून घेतला, दोनदा. मग पुन्हा दार लावून आम्ही सर्वांनी गुडघे टेकले. त्या रात्री वडील गाढ झोपले, आणि सकाळी जेवताना आम्हांशी बोलले.

प्रभु तुमच्याही घरी अशी सकाळ आणो. आमेन.